घरात तुम्ही पहिल्यांदा "नाही" कधी म्हणालात? (अनुभव धागा)

बाबा गेले त्याला येत्या श्रावणात तीन वर्षं होतील. गाव वाईजवळ, घर मोठं, माणसं भरपूर, आणि अशा घरात माणूस गेलं की पुढचं सगळं आपोआप होत जातं, कोण लाकडं सांगतं, कोण भटजींना फोन लावतं, कोण चहाचं पातेलं चढवतं, कुणाला काही सांगावं लागत नाही. तशीच बाबांना न्यायच्या आधी मोठी आत्या आईजवळ येऊन बसली, तिच्यामागे शेजारच्या दोन विधवा काकू, आणि एकीच्या हातात आमच्याच स्वयंपाकघरातला वरवंटा होता. मला लगेच कळलं आता काय होणार ते. शाळा-कॉलेजात वक्तृत्व स्पर्धेत स्त्रियांच्या हक्कांवर बोलून ढाली आणलेली मुलगी मी, आज बँकेत नोकरी करते, आणि त्या वेळी मी खाली मान घातली. बाबा समोर आहेत, आत्ता वाद नको, असं म्हणून मी गप्प बसणार होते.

आईनं हात मागे घेतला. रडत होतीच, आवाज पण चढवला नाही. म्हणाली, "वन्सं, बांगड्या राहू द्या. त्या लग्नाच्या आधीपण होत्या माझ्या हातात. भाकरी थापताना त्यांचा आवाज नसला तर हात माझा वाटणार नाही मला."

आत्या उठून बाहेर ओसरीवर गेली. दहाव्याला आली नाही, तेराव्याला आली नाही, त्यानंतर आमच्या घराचा उंबरा तिनं ओलांडलेला नाही.

आईला हेरवाड हे नाव तेव्हा माहीत नव्हतं. मी तिला नंतर वाचून दाखवलं, की कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या या गावानं ४ मे २०२२ ला ग्रामसभेत ठराव केला, नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीला दोन दिवस राहिले होते तेव्हा. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना पण हेच करायला सांगितलं. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "त्या गावातल्या बायका आता हळदीकुंकवाला जातात का गं? बोलावतात का त्यांना?"

मला तिचा तो प्रश्न सोडत नाही म्हणून हा धागा काढतेय. वेगळा विचार म्हटलं की आपण लगेच मोठी नावं घेतो. मला घरातले अनुभव हवेत. तुम्ही घरात, नात्यात, गावात चारचौघांपेक्षा वेगळं ठरवलंत तेव्हा नक्की काय झालं, कोण बोललं, कोण गप्प बसलं, कोण बाजूला येऊन उभं राहिलं. जमलं नसेल तर तेही लिहा, त्याची लाज वाटून घेऊ नका.

*

सोलापूरहून

जमलं नाही, तेच लिहितो. माझी मोठी बहीण एकोणतिसाव्या वर्षी विधवा झाली, शिवणकाम करून दोन मुली वाढवल्या. थोरलीच्या लग्नात हळद लावायला सवाष्णींना बोलावलं तेव्हा ताई आत भांड्यांच्या खोलीत जाऊन बसली. तिला कुणी जा म्हणालं नाही, तिची ती गेली. मी मामा, मांडवात सगळं माझ्या शब्दावर चाललेलं, मी "ताई, पहिली हळद तू लाव" एवढं म्हणालो असतो तर कुणाची अडवायची हिंमत नव्हती. मी दारापर्यंत गेलो होतो. ती डब्यांवर झाकणं लावत बसली होती, एकेक झाकण काढून परत लावत. मी परत फिरलो. धाकटीचं लग्न पुढच्या वर्षी आहे.

*

नाशिकहून

आमच्याकडे देहदान. आईनं स्वतः फॉर्म भरला होता, कार्ड कायम पर्समध्ये असायचं. लोकांना वाटतं फॉर्म भरला की झालं, पण तसं नसतं, माणूस गेल्यावर जवळच्या नातेवाइकांनी संमती द्यावी लागते, आणि त्यातल्या एकानं जरी मोडता घातला तरी मेडिकल कॉलेजवाले हात जोडून मागे होतात, त्यांना घरातल्या भांडणात पडायचं नसतं. आई पहाटे सव्वातीनला गेली. नेत्रदान पण करायचं होतं, त्याला चार ते सहा तासच असतात, तोवर पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवायचा, डोक्याखाली उशी द्यायची, पंखा बंद करायचा. मी पंखा बंद केला आणि तेवढ्यावरून सुरू झालं, थोरले काका म्हणाले, "पंखा का बंद केलास, काय चाललंय तुमचं?"

मग सगळंच निघालं. तिला पाणी कोण देणार, पिंडाला कावळा कसा शिवणार, मुलांनी आईला अग्नी द्यायचा नाही म्हणजे काय. काका वाईट माणूस नाहीत, आईवर त्यांचा जीव होता, ते रडत भांडत होते. आणि माझा धाकटा भाऊ डगमगायला लागला. मी त्याला आत घेऊन गेले आणि आईच्या पर्समधलं कार्ड हातात दिलं, तिची सही होती, शाळा चौथीपर्यंतच झाली होती तिची, सही करताना ती शेवटच्या अक्षराला जरा थांबायची, तो थांबलेला ठिपका त्या सहीत दिसतो. भाऊ बाहेर येऊन काकांना म्हणाला, काका, तिनं एवढंच मागितलंय.

सकाळी सातच्या आत डोळे गेले, दहाला कॉलेजची गाडी आली. शरीररचनाशास्त्र विभागात एक मॅडम होत्या, त्यांनी देह ताब्यात घेताना नमस्कार केला, आणि विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी काय सांगतात ते आम्हाला सांगितलं, की हे तुमचे पहिले गुरू. काकांनी ते ऐकलं.

पण एक गोष्ट कुणी सांगत नाही ती मी सांगते. विधी नाकारले की पुढच्या तेरा दिवसांचं काय करायचं हा मोठा प्रश्न असतो. विधीत माणसाच्या हाताला काम असतं, लोक येतात, बसतात. आमच्याकडे तिसऱ्या दिवशी घर रिकामं झालं आणि ते फार जड गेलं. शेवटी आईच्या ट्रंकेतली लुगडी काढून आम्ही बहिणींनी त्यांच्या गोधड्या शिवायला घेतल्या, तेराव्या दिवसापर्यंत चार झाल्या. ज्यांना विधी करायचे नाहीत त्यांनी हा विचार आधी करून ठेवा असं मी कळकळीनं सांगेन.

*

साताऱ्याहून, वय ७१

माझं साधं आहे. मी डावखुरा. मुंजीच्या आधी दोन वर्षं डावा हात पंच्यानं कमरेशी बांधून ठेवायचे जेवताना आणि लिहिताना, डाव्या हातानं प्रसाद घेतला की पाठीत बसायची. उजव्यानं लिहायला शिकलो, अक्षर कायम वाकडं राहिलं, आणि बोलताना अडखळायला लागलो ते आजतागायत. आता नात डावखुरी आहे. ती डाव्या हातानं रांगोळी काढते तेव्हा मी शेजारी पाट टाकून बसतो, मला उठवत नाही.

*

पुण्यातून

आमच्या घरी १४ जुलै म्हणजे आगरकर जयंती हा सणच. वडील दर वर्षी कुठे ना कुठे भाषण द्यायचे, 'सुधारक' १८८८ साली कसा सुरू झाला, पुण्यातल्या सनातन्यांनी आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा कशी काढली आणि अवघ्या ३८ व्या वर्षी ते कसे गेले, हे सांगताना त्यांचा गळा दाटून यायचा आणि समोर बसलेल्या माझापण. मी त्या भाषणांवरच वाढले. त्यामुळे मी जेव्हा घरी सांगितलं की मला अमुक मुलाशी लग्न करायचंय आणि तो आपल्या जातीचा नाही, तेव्हा मला खरंच वाटलं होतं की ते उठून मला जवळ घेतील. ते म्हणाले, "तुझ्या आजीचा विचार कर. समाजाला वेळ लागतो."

आम्ही १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोटीस दिली. यात तीस दिवस थांबावं लागतं, आणि तुमची नावं पत्ते लिहिलेली नोटीस ऑफिसात बोर्डावर लागते, कुणाची हरकत असली तर नोंदवायला. दुसऱ्याच दिवशी कुणीतरी तिचा फोटो काढला आणि संध्याकाळपर्यंत तो आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर होता. ते तीस दिवस मी विसरणार नाही, रोज कुणीतरी फोन करायचं, रडायचं, शाप द्यायचं, एक मावशी म्हणाली तुझ्या आईला काही झालं तर तू जबाबदार. दोन सज्ञान माणसांना लग्न करायचंय तर त्यांचा पत्ता भिंतीवर का लागावा हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आताही कळत नाही.

साक्षीदार तीन लागतात. मैत्रीण आली, तिचा भाऊ आला, तिसरा आयत्या वेळी आलाच नाही. आम्ही जिन्यात उभे, नंबर आलेला, आणि खालून आई येताना दिसली, एकटी, रिक्षानं आली होती, हातात आधार कार्डाची झेरॉक्स. मी तिला काही विचारलं नाही. तिनं सही केली आणि रजिस्टरकडे बघत म्हणाली, "यांना सांगून आले नाही. एकतीस वर्षांत पहिल्यांदा."

वडील अजून भाषणं देतात. आम्ही फोनवर बोलतो, पाऊस किती झाला आणि गाडीचं सर्व्हिसिंग झालं का एवढंच. मला राग आहे. त्यांनीच मला हे सगळं शिकवलं म्हणून जास्त आहे.

*

रायगड जिल्ह्यातून

गावाचं नाव लिहीत नाही, आता येणंजाणं आहे. २०१४ साली माझ्या वडलांनी गावकीच्या बैठकीत देवळाच्या वर्गणीचा हिशोब मागितला. भांडले नाहीत, आरोप केला नाही, वही दाखवा म्हणाले. पंधरा दिवसांनी आम्हाला वाळीत टाकलं. ज्यांनी अनुभवलं नाही त्यांना वाटेल वाळीत म्हणजे लोक बोलत नाहीत एवढंच, पण आमच्याशी बोलेल त्याला दंड, दुकानात माल नाही, गिरणीवर दळण नाही, भातलावणीला माणूस नाही, गणपतीत भजनाची बारी आमच्या घराला वळसा घालून जायची. आई दळण घेऊन सात किलोमीटर लांबच्या गावी जायची, चालत, कारण गावातल्या रिक्षेत तिला घेत नव्हते. आजी गेली तेव्हा तिरडीला खांदे पुरेनात, मामा आणि मुंबईचे दोन चुलते येईपर्यंत संध्याकाळ झाली, तोवर आजी अंगणात.

मी अकरावीत होतो. माझा जिवलग मित्र, पहिलीपासून एका बाकावर, तो एसटीत चढला की मला बघून मागे जाऊन बसायचा. त्याच्या घरच्यांना दंड परवडणारा नव्हता हे मला समजत होतं तरी छातीत दुखायचं. पण उतरताना तो केमिस्ट्रीची वही कंडक्टरजवळ ठेवून जायचा, आणि कंडक्टर माझा स्टॉप आला की काही न बोलता ती माझ्या हातात द्यायचा. दोन वर्षं असं चाललं. मी बारावीला केमिस्ट्रीत पास झालो तो त्या वहीवर.

पोलीस तेव्हा म्हणायचे आपसात मिटवा, वाळीत टाकण्याविरुद्ध वेगळा कायदाच नव्हता. तो २०१६ साली विधिमंडळात झाला आणि जुलै २०१७ पासून लागू झाला, आता सामाजिक बहिष्कार टाकला तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. कुणी यातून जात असेल तर त्याला हे माहीत असावं म्हणून लिहितो, पोलीस ठाण्यात जाऊन सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायद्याचं नाव घेऊन तक्रार द्या.

वडलांना रोज निरोप यायचा, माफी मागा, नारळ द्या, दंड भरा, मिटलं. वडील म्हणायचे, मी विचारलं ते चूक असेल तर वही दाखवून माझी चूक दाखवा. तीन वर्षांनी अजून दोन घरांनी तोच हिशोब मागितला तेव्हा गावकीला वही काढावी लागली. वडलांचा मला अभिमान आहे. पण त्यांच्या तत्त्वाची किंमत आईनं मोजली, ती सात किलोमीटर चालत होती, आणि तिला कुणी विचारलं नव्हतं की तुला हे झेपेल का.

*

धागाकर्ती

रायगडचे दादा, तुमच्या आईबद्दल वाचून कालपासून चैन नाही. र. धों. कर्वे आठवले. संततिनियमनाचं बोलतात म्हणून त्यांची प्राध्यापकाची नोकरी गेली, १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, अश्लीलतेचे खटले झाले, १९३४ च्या खटल्यात तर डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते. हे सगळं आपण आदरानं सांगतो आणि सांगायलाच हवं. पण एवढी वर्षं ते घर चाललं त्यात त्यांच्या पत्नी मालतीबाईंचा वाटा किती मोठा होता, तो आपण एका ओळीत उरकतो. या धाग्यावर तरी ज्यांनी दळण वाहिलं त्यांच्याबद्दल लिहा.

*

मूळचा सांगलीचा, सध्या बंगळुरू

माझा अनुभव उलटा आहे, चालेल ना? माझे वडील तीस वर्षं अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करतात. लहानपणी मी त्यांच्याबरोबर गावोगाव जायचो, पाण्यानं दिवा पेटवून दाखवायचो आणि मग त्यात कॅल्शियम कार्बाइड कसं असतं ते समजावायचो. आमच्या घरात देव्हारा नाही. आणि २०१९ साली मी घरी सांगितलं की मी सुट्टी काढून माउलींच्या पालखीबरोबर आळंदी ते पंढरपूर चालणार आहे.

वडील दोन दिवस बोलले नाहीत. मग म्हणाले, तुला मी विचार करायला शिकवलं होतं. मी म्हणालो, मी विचार करूनच ठरवलंय बाबा. नवस नाही, काही मागायचं नाही, मला त्या अभंगांबरोबर चालायचंय, अनोळखी माणसांबरोबर जेवायचं, झोपायचंय. विचारांचं स्वातंत्र्य म्हणजे तुमचाच विचार पुढे चालवणं असेल तर मग आजोबांचं काय चुकलं होतं, तेही तुम्हाला त्यांचाच विचार चालवायला सांगत होते. हे जरा लागलं त्यांना. बोलायला नको होतं असं वाटलं, पण खरं होतं.

पुणे ते सासवड हा टप्पा सगळ्यात लांब, त्यात दिवे घाट चढायचा. सासवडला पोचलो तेव्हा टाचांना फोड येऊन फुटले होते. दुसऱ्या दिवशी पालखीचा तिथेच मुक्काम असतो, मी राहुटीत पडलो होतो आणि कापड बाजूला करून वडील आत आले, खांद्याला शबनम. सांगलीहून एसटीनं आले होते. काही न बोलता बसले, शबनममधून मलम आणि पट्ट्या काढल्या आणि माझा पाय मांडीवर घेतला. दिंडीतल्या आजींनी त्यांना पिठलंभाकरी वाढली ती जेवले. विणेकरी बाबांशी तासभर बोलले, एवढ्या माणसांना पाणी कसं पुरतं, आजारी पडलं तर कोण बघतं, बायका किती असतात. दर्शनाला गेले नाहीत, मी म्हणालोही नाही. जाताना म्हणाले, "पाय जप, ओल्या चपला घालू नको."

ते अजून देवळात येत नाहीत. मी अजून दर आषाढात जमेल तेवढं चालतो. आमच्या घरात आता दोन वेगळी माणसं राहतात आणि मला ते घर पूर्वीपेक्षा मोठं वाटतं.

*

फोंडा, गोवा

आमच्याकडे लग्नाची नोंदणी सक्तीचीच, निबंधकाकडे दोनदा जाऊन सही करावी लागते, आधी इराद्याची आणि मग काही दिवसांनी कायमची. पण घरच्यांच्या लेखी तो नुसता कागद, खरं लग्न मांडवातलं. आम्ही दोघं दुसऱ्या सहीनंतर थांबलो. सासूबाई वर्षभर म्हणत राहिल्या, "लग्न कधी करताय?" मग मुलगा झाला आणि त्यांनी विचारणं सोडलं, पण पटलंय असं नाही. रोज भेटतो, रोज माया करतात, आणि पटलेलं नाही. हेही चालतं असं मला आता वाटतं.

*

परभणी जिल्ह्यातून, जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका

आमच्या परिपाठात संविधानाची उद्देशिका रोज म्हणतात, मुलांना तोंडपाठ आहे. "विचार, अभिव्यक्ती, विश्वास, श्रद्धा व उपासना यांचे स्वातंत्र्य" इथे आलं की सगळा वर्ग एका सुरात. एक दिवस चौथीतल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, विचाराचं स्वातंत्र्य म्हणजे मनातल्या मनात का?" मी म्हणाले नाही गं, बोलायचं पण. अभिव्यक्ती म्हणजे बोलणं. ती बसली.

पुढच्या आठवड्यात निबंध होता, माझी आई. पस्तीस वह्या तपासल्या, चौतीस सारख्या, माझी आई पहाटे उठते, माझी आई खूप प्रेमळ आहे, सगळ्या गाईडातल्या. या मुलीनं लिहिलं होतं, "माझी आई ऊस तोडायला जाते. ती मला मारते आणि मग ती रडते. मी तिला पाणी देते. मग ती माझे केस विंचरते." आणि मी, ते वाचून, दहापैकी चार दिले. निबंधात असं लिहीत नाहीत, असा शेरा पण लाल पेनानं लिहिला. रात्री झोप लागली नाही. जिला आठवड्यापूर्वी बोलायचं पण असं सांगितलं, तीच बोलली, आणि तिला मी चार मार्क दिले.

दुसऱ्या दिवशी मी वर्गासमोर तो शेरा खोडला, तिची परवानगी विचारून तो निबंध वाचून दाखवला आणि चुकलं माझं असं म्हणाले. वर्ग एकदम शांत होता. मग मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "बाई, मी परत लिहू का माझा?" नंतर अजून सहा हात वर आले. त्या सात वह्या मी अजून जपून ठेवल्यात. ती मुलगी दिवाळीनंतर आईवडलांबरोबर कारखान्यावर गेली, पाडव्यापर्यंत येत नाहीत ती माणसं. आली की तिला पाचवीच्या वर्गात जाऊन भेटणार आहे.

*

धागाकर्ती

सगळं वाचलं, आईला पण वाचून दाखवलं. सोलापूरच्या दादांचा अनुभव तिनं दोनदा वाचायला लावला आणि म्हणाली, त्यांना लिही, पुढच्या वर्षी हळदीला मला बोलवा, मी तुमच्या ताईच्या शेजारी बसेन. दादा, ती खरंच येईल.

आणि आत्याबद्दल काहींनी विचारलंय. आई दर वर्षी मेतकूट केलं की तिच्यासाठी एक डबा भरून भाच्याबरोबर पाठवते, आधीपासून पाठवायची, बाबा गेल्यावर पण थांबवलं नाही. आमच्याकडे भांडं रिकामं परत देत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. पहिल्या वर्षी डबा रिकामा आला, घासून पुसून. दुसऱ्या वर्षी पण. परवा भाचा घेऊन आला तेव्हा आईनं सवयीनं डबा तसाच फळीवर ठेवायला घेतला आणि तो हाताला जड लागला. आत नवी चिंच होती, मीठ लावून गोळा केलेली, आत्या करते तशी.